लेसचं निमित्त

फेरी आम्हांला उतरवून निघून गेली
आणि धक्क्यावर उरलो दोघंच,
दोन पाठपिशव्या, एक नकाशा.
बरोबर ना कुठला गट, ना वाटाड्या.
पाच बेटं, आठ दिवस,
आणि रात्रीच्या मुक्कामांचे पत्ते
माझ्या अक्षरात, बिलाच्या पाठीवर.
एस्किल म्हणाला, "उत्तरेकडून सुरुवात."
मी म्हणाले, "आधी कॉफी."
एकतीस वर्षं हेच बोलणं चालू आहे,
आज फक्त त्याच्या पाठीमागे समुद्र होता.

खडकांवर लाल रंगाचा टी,
कुणीतरी हातानं काढलेला, ओघळ आलेला.
दिसला की वाट बरोबर.
नाही दिसला की भांडण.

आम्ही रोरोसची माणसं, डोंगरातली.
आमच्याकडे पाणी म्हणजे तळं,
काठ असलेलं,
हिवाळ्यात वरून चालत जाता येणारं.
इथं पाणी दिवसातून दोनदा उठून जातं,
तेवढ्यात या बेटावरून त्या बेटावर
शेवाळातून, बुळबुळीत दगडांवरून
धडपडत पोचायचं.
"घड्याळ बघ," तो म्हणाला.
"बघतेय. भरती काही बायको नाही,
थांबून राहायला."
हसला. पण जरा उशिरा हसला.

तिसऱ्या दिवसापासून तो फुलांपाशी थांबू लागला.
बटाट्याच्या फुलापलीकडे
एक फूल ज्याला कधी ओळखता आलं नाही, तो माणूस
दर चढावर थांबून म्हणे,
"हे बघ, निळं आहे."
वाकून नाही. उभ्या उभ्याच,
एक हात खडकावर टेकून.
मला वाटलं, वय होतंय तसा हळवा होतोय.
बरंच वाटलं, खोटं का सांगू.

चौथ्या बेटावर रान्वाइ.
माणसांची घरं तीन, बदकांची साठ:
फळकुटांची, दगडांची, एक उलटी केलेली होडी,
आत वाळलेलं समुद्रगवत दरवर्षी नवं.
"मे महिन्यात मी दोरीवर कपडेसुद्धा घालत नाही,
फडफडले तर बिचकतात.
पिल्लं घेऊन पाण्यात गेल्या की मग
मागे राहिलेलं आमचं."
तिनं माझ्या तळव्यावर मूठभर लव ठेवली.
आधी वाटलं काहीच ठेवलं नाही.
मग हात गरम व्हायला लागला.

"स्वतःच्या छातीची उपटते ती."
"दुखत असेल?"
"मला तरी कधी बोलली नाही,"
म्हणत रान्वाइनं एस्किलकडे पाहिलं,
"आणि तुमचा कुठला गुडघा?"
"डावा," तो म्हणाला.
इतक्या पटकन.
इतक्या साधेपणानं.
परक्या बाईला, कॉफीचा कप पुढे करता करता.

त्या रात्री अंधार झालाच नाही,
रागावून पाठ फिरवून झोपायला
थोडा तरी अंधार लागतो.
पडद्याच्या फटीतून उजेड त्याच्या पायावर,
गुडघा सुजलेला, पावासारखा.
"कधीपासून?"
"तू तिकिटं काढलीस त्याच्या आधीपासून."
"मग बोलला का नाहीस?"
बराच वेळ बाहेर कुरव पक्षी ओरडत होते.
"बेटांची नावं तू किती वेळा वाचून दाखवलीस,"
तो म्हणाला, "जेवताना."
मी त्याला बरंच काही बोलले.
ते इथं लिहीत नाही.

पाचव्या बेटाचा डोंगर आम्ही सोडला.
खालून, मेंढ्यांच्या वाटेनं गेलो,
जिथं लाल टी नाहीत आणि चुकायलाही काही नाही.
दर दहा मिनिटांनी मी बसायचे,
बुटाची लेस सोडायचे, पुन्हा बांधायचे.
सातव्यांदा तो म्हणाला,
"लेसला झालंय काय?"
"नवी आहे. निसटते."
बूट अकरा वर्षांचे. लेसही त्यांचीच.
तो माझ्याशेजारी टेकला, पाय लांब करून,
आणि समोर बोट दाखवलं,
"हे बघ, पिवळं."

दूर खाडीत फेरी वळताना दिसली.
आमची नव्हे, तिच्या आधीची.